घागरीचे बूड दुसऱ्या दिवशी येते

आमच्या घरात कपबश्यांचा एकही जोड पुरा नाही. तीस वर्षे मातीची भांडी करण्यात आणि करायला शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या घरी पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून मिळतो. पेला पुढे करताना माझी बायको म्हणते, "हा फुटत नाही ना, म्हणून." तिचे माहेर आरमोरीचे. तिकडची माणसे टोमणा मारताना आवाज चढवत नाहीत.

मी सावली गावापासून काही मैलांवरच्या एका प्रशिक्षण केंद्रात सिरॅमिक शिकवतो. केंद्राचे कागदावरचे नाव दीड ओळीचे आहे. आसपासच्या गावांत त्याला 'कपबशीची शाळा' म्हणतात आणि एसटीचा कंडक्टरही तेच ओरडतो.

मोजण्याची मला खोड आहे. नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून मी फुटीची वही ठेवली आहे. आमच्याकडे चाकावरून शंभर भांडी उतरली की वाळताना सरासरी नऊ तडकतात. पहिल्या भाजणीत सहा जातात, आणि वरून काचेचा लेप देऊन पुन्हा भाजले की आणखी आठ. उरतात सत्त्याहत्तर. त्यातली चार वाकडी असतात. ती पूर्वी आम्ही घरी आणायचो. मग नागपूरच्या एका हॉटेलवाल्या बाई आल्या आणि वाकड्या भांड्यांना बरे दिवस आले. त्यांना चाळीस वाकडे पेले हवे होते, पण सगळे एकसारखे वाकडे. मी मुद्दाम वाकडे करायला बसलो तर पहिल्या वीसपैकी अकरा सरळ आले. हात ऐकेना. हाताला वाकडे शिकवायला मला तीन आठवडे लागले.

माती वाळताना आणि भाजताना आकसते, हे बाहेरच्या माणसाला पटवणे हा या धंद्यातला अर्धा त्रास. एका कार्यालयाने दारावर लावायला बारा इंची मातीची पाटी मागवली. भाजल्यावर बारा भरावी म्हणून मी ती ओली असताना साडेतेरा इंचांची केली. साहेब नेमके तेव्हा येऊन मोजून गेले. पाटी हातात पडल्यावर त्यांनी लेखी विचारणा केली की उरलेला दीड इंच कोठे गेला. मी लेखी कळवले, "हवेत." त्यावर त्यांनी सहा महिन्यांनी पुन्हा विचारले, "कोणाच्या परवानगीने?"

अलीकडे शहरातली माणसे मन शांत करायला येतात. दोन दिवसांची कार्यशाळा असते. घुग्घुसच्या एका कारखान्यातले मोठे अधिकारी मातीचा गोळा हातात घेऊन डोळे मिटून बसले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सर, किती वर्षांनी मातीचा स्पर्श झाला!" बाहेर उभ्या त्यांच्या गाडीवर बोटभर धूळ होती. मन शांत करण्याच्या वर्गात प्रशिक्षकाने बोलू नये, असे माहितीपत्रकातच छापले आहे.

पण ही सगळी किरकोळ मंडळी. मला लिहायचे आहे ते मी केलेल्या एका कागदाबद्दल.

हा कागद म्हणजे परीक्षेचे गुणपत्रक. कारागिरांना ओळखपत्र आणि विजेवर चालणारे चाक देण्याची योजना आली, तेव्हा परीक्षा घ्यायची कशी हे कोणालाच ठाऊक नव्हते. मी दोन रविवार बसून पाच रकाने आखले. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर आणणे, भिंतीची जाडी, उंची, बूड आणि सफाई. प्रत्येकाला वीस गुण. कोणत्याही एका रकान्यात शून्य पडले की उमेदवार नापास. वेळ वीस मिनिटे. वरच्या कार्यालयाला कागद इतका आवडला की तो आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांना लागू झाला. माझ्या हातून आजवर जे काही घडले, त्यात तडा न गेलेली ही एकच वस्तू, असे मी म्हणत असे. लोक हसत, आणि मलाही ते फारसे खोटे वाटत नसे.

नऊ वर्षे तो कागद चालला. मग कौसाबाई आली.

कौसाबाई आमच्या केंद्रापासून दोन कोसांवरच्या गावची. घर कुंभाराचे. नवरा उरकुडा चाकावर बसायचा, ती माती मळायची आणि भांडी थापायची. बावीस वर्षे हेच. त्यांचे चाक म्हणजे जड दगडी तबकडी. तिच्या भोकात काठी घालून गरगर फिरवायची आणि ती फिरते आहे तोवर भांडे उभे करायचे. काठी फिरवून फिरवून उरकुडाचा उजवा खांदा गेला. पोळ्यापासून चाक बंद होते. चार गावांच्या लग्नांची मडकी पिढ्यान्‌पिढ्या याच घरातून जात. एक हंगाम चुकला की लोक बाजारातून आणतात, आणि एकदा बाजाराची सवय लागली की कुंभाराच्या दाराकडे कोणी वळत नाही.

नाव नोंदवायला दोघे आले. उरकुडा दारातच थांबला.

"मास्तर, आमच्यात बायका चाकावर बसत नाई. तुमाले सांगून ठेवतो."

"मग आणलंत कशाला त्यांना?" मी विचारले.

"मी नाई आनलं. तिनंच मले आनलं."

कौसाबाई आमच्या विजेच्या चाकाभोवती एक फेरी मारून आली होती. "हे चाक कुठी हाय जी? हे तं मोटर हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "चक्कीवर बाई दयन दयते, तिले कोनी काई म्हनते का?"

उरकुडाने वाकून यंत्र सगळीकडून पाहिले. "काठी घालाचं भोक नाई याले," तो विचार करत म्हणाला.

"मंग? भोक नाई तं चाक नाई."

"अन्‌ जातीतल्यायनं इचारलं तं?"

"त्यायले म्हना, या अन्‌ भोक दाखवा."

उरकुडा हसला आणि आत आला. मी नोंदवहीत तिचे नाव लिहिले.

पंधरा दिवसांच्या वर्गात बारा जण होते. दोघांना प्रमाणपत्र दुसऱ्या कुठल्याशा अर्जाला जोडायचे होते. एकाचे मोबाइलचे दुकान होते. एक ठेकेदाराचा मेहुणा होता, ज्याच्या नखांत मी पंधरा दिवसांत माती पाहिली नाही. कौसाबाई मात्र पहिली येई आणि शेवटी उठे. सातव्या दिवशी गोळा तिच्या हाताखाली डुलायचा थांबला. मला तिथे पोचायला विद्यार्थी असताना दोन महिने लागले होते.

"धानाच्या रोवणीवर जाता येते मास्तर," ती एकदा हात धुताना म्हणाली, "पन रोवणी महिनाभराची. बाकीचे अकरा महिने हात काय करन?"

परीक्षेला बाहेरून निरीक्षक साहेब आले. सज्जन माणूस. त्यांचा मूळ विषय मधमाशीपालन, मातीचा त्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता. प्रश्न माझाच होता: 'एक घागर. उंची नऊ इंच.'

इथे बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आमच्या केंद्राच्या पुस्तकातल्या घागरीचे बूड सपाट आहे, कारण तिला टेबलावर उभे राहायचे असते. खरी घागर टेबलावर उभी राहत नाही. ती चुंबळीवर, कमरेवर आणि चुलीवर बसते, म्हणून तिचे बूड गोल असते. असे गोल बूड चाकावर होतच नाही. कुंभार चाकावरून जे उतरवतो ते जाड भिंतीचे, खालून मोकळे असे एक बुटके भांडे असते. ते सावलीत थोडे वाळवायचे. मग आतून दगडी गोटा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीने हळूहळू थापत जायचे. भिंत पातळ होते, पोट फुगते, उंची वाढते आणि खालचे तोंड मिटत मिटत बूड तयार होते. म्हणजे घागर आज जन्मते आणि तिचे बूड उद्या. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. मी ते वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवतो. 'पारंपरिक पद्धती' या प्रकरणात. परीक्षेला ते प्रकरण नसते.

अकरा जणांनी पुस्तकातली घागर केली. कौसाबाईने खरी केली. चौदाव्या मिनिटाला तिने ती दोन्ही तळव्यांत धरून साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी उचलून आत पाहिले. त्यांना फरशी दिसली.

"हे काय आहे?"

"घागर जी."

"याला बूड कुठे आहे?"

"येईन ना साहेब. उद्या."

"उद्या येईल?"

"हो जी. आज सावलीत वाऊ द्या लागते. उद्या थापलं का येते."

साहेबांनी टेप लावली. "उंचीही सहाच इंच आहे. नऊ हवी."

"तेही उद्याच येते."

ठेकेदाराचा मेहुणा खो खो हसला. "मावशी, परीक्षा आज हाय ना पन!"

"तुह्यी झाली ना घागर?" कौसाबाई त्याच्याकडे वळली. "मंग घे कमरेवर अन्‌ चाल तयापर्यंत, पानी भराले. बूड टोचन तं सांगजो."

सगळे हसले. साहेबही हसले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. कौसाबाईचीही होती. माझ्यासमोर मीच आखलेला कागद होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "प्रपत्रात उद्याची तरतूद नाही."

गुण लिहायचे काम माझ्याकडे होते. बुडाच्या रकान्यात शून्य मीच लिहिले. माझे शून्य फार गोल येते.

"मंग हे घेऊन जाऊ का घरी?" कौसाबाईने विचारले. "तुमच्या काई कामाचं नाई." ओल्या फडक्यात भांडे गुंडाळून ती निघाली. दारात उरकुडा बसला होता. तो उठून तिच्या मागे चालू लागला.

संध्याकाळी मी हे बायकोला सांगितले. नियम, रकाने, साहेब, सगळे क्रमाने. ती भाजी निवडत ऐकत होती.

"आपल्या घरचा माठ गोल बुडाचा आहे ना?" तिने विचारले.

"हो."

"तुमच्या शाळेतला का नाही आणला?"

"त्यावर काचेचा लेप असतो. पाणी झिरपत नाही, म्हणून गार होत नाही."

"बरं. आणि असं शून्य आजपर्यंत किती जणांना दिलंत?"

मोजणाऱ्या माणसाला आकडा विचारला आणि तो त्याच्याकडे नसला, की त्याला जेवण जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी केंद्राचे कपाट उघडले. नऊ वर्षांत दोनशे चौदा उमेदवार. बुडाच्या रकान्यात शून्य पडलेले, कौसाबाई धरून, आठ. मी त्या आठ जणांचे अर्ज काढले. अर्जात 'वडिलोपार्जित व्यवसाय' असा एक रकाना आहे. तोही मीच घातलेला. आठही ठिकाणी 'कुंभारकाम' लिहिले होते.

मग मी उलट बाजूने मोजले. इतर रकान्यांत शून्य पडून गेलेले वजा केल्यावर उत्तीर्ण एकशे नव्वद. त्यांतले किती जण आज मातीत हात घालतात, हे मी आठवून आठवून लिहिले. तीन. त्यातले दोघे आमच्याच केंद्रात नोकरीला. म्हणजे कुंभार शोधून काढण्यासाठी केलेल्या माझ्या चाळणीतून कुंभार तेवढे गळून पडले होते आणि बाकी सगळे वर राहिले होते. इतके नेमके काम मी दुसरे केलेले नाही.

तसाच स्कूटर काढून तिच्या गावी गेलो. कौसाबाई ओसरीत बसून तेच भांडे थापत होती. थापी राखेत बुडवायची, मारायची, भांडे बोटभर फिरवायचे. मी फटके मोजू लागलो.

"काय मोजून राह्यले मास्तर?" उरकुडाने विचारले.

"फटके."

"आमी कधी मोजले नाई जी. बूड आलं का थांबाचं."

चारशे साठच्या पुढे मी मोजणे सोडले. खालचे तोंड रुपयाएवढे झाले, मग मिटले. मी खिशातली पट्टी काढली. उंची नऊ इंच आणि वर एक दोरा. भिंतीची जाडी चारही बाजूंनी सारखी, जी माझ्या स्वतःच्या भांड्यांत दहातून चार वेळा येते.

"हे मला साहेबांना दाखवायचं आहे. ते दुपारपर्यंत आहेत."

"ओली हाय. हादऱ्यानं बसन."

"मग तुम्हीच घेऊन बसा मागे."

भाताच्या तणसाच्या गादीवर घागर मांडीत घेऊन कौसाबाई माझ्या मागे बसली. दोन कोसांना आम्हाला पाऊण तास लागला. प्रत्येक खड्ड्याआधी ती पाठीत बोट टोचायची. खड्डे मी मोजले नाहीत.

साहेबांनी घागर फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "सुंदर! अगदी मधाच्या पोळ्यासारखी पातळ." मग ते खुर्चीत बसले. "पण वेळ वीस मिनिटे आहे हो. फॉर्म कोणी केला हा?"

"मी."

"मग तुम्हीच लिहून द्या, फॉर्म चुकीचा आहे म्हणून. मी शिफारस करतो. पण विचार करा. मागच्या सगळ्या परीक्षांवर प्रश्न येईल. तुमच्यावर येईल."

कौसाबाई मध्येच म्हणाली, "मास्तरवर कायले? मास्तरनं तं चांगलं शिकवलं. कागदानंच गडबड केली."

"कागदही मास्तरांचाच आहे बाई," साहेब म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. भाजून काढलेल्या भांड्यावर बोट मारून तडा आहे का ऐकतात, तसे. मी तिथेच बसून पत्र लिहिले. दोन वाक्ये: 'प्रपत्रात दोष आहे. दोष माझा आहे.' तारीख घालून सही केली.

उत्तर यायला सात महिने लागले. त्यात माझ्याकडून दोनदा खुलासा मागवण्यात आला आणि एक वेतनवाढ रोखण्यात आली, त्याबद्दल तक्रार नाही. नवे प्रपत्र आले. बुडाच्या रकान्यात आता दोन उपरकाने आहेत: 'आज' आणि 'उद्या'. उमेदवाराने परीक्षेच्या सात दिवस आधी बूड कोणत्या दिवशी येणार याचे स्वयंघोषणापत्र द्यायचे. कौसाबाईने घोषणापत्रावर सही केली, दोन दिवस परीक्षा दिली आणि शंभरापैकी एक्याण्णव गुण मिळवले. नऊ गुण कुठे कापले हे साहेबांनाही सांगता आले नाही. पूर्ण गुण देण्याची पद्धत नाही, असे ते म्हणाले.

तोवर लग्नांचा एक हंगाम निघून गेला होता. चार गावांतली दोन बाजाराकडे वळली. ती परत आलेली नाहीत.

बाकीच्या सात जणांकडे मी नवा फॉर्म घेऊन स्वतः गेलो. तिघांनी भरला. दोघे घुग्घुसला ट्रकवर लागले होते. त्यांच्या घरच्यांनी फॉर्म ठेवून घेतला, कशासाठी ते कळले नाही. एक वारले होते. सातव्या माणसाने मला पाणी दिले, फॉर्म वाचून परत दिला आणि म्हणाला, "मास्तर, तवा तुमी म्हनलं का मले घागर जमत नाई. म्या ऐकलं." त्याने भांडी भाजायचा आवा मोडून तिथे बकऱ्या बांधल्या होत्या.

विजेचे चाक टेम्पोतून आले त्या दिवशी साहेब स्वतः हजर होते, कारण हस्तांतरणाच्या कागदावर 'यंत्रपूजन' असा एक रकाना होता. त्यापुढे 'झाले / नाही' आणि खाली फोटो चिकटवायला चौकोन. हा रकाना माझा नव्हे. साहेबांनी नारळ आणि हारही आणला होता. ओसरीत चाक ठेवले, वायर जोडली. उरकुडाने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. त्याने सवयीने कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवले आणि तो चाकाकडे वाकला.

कौसाबाईने त्याचे मनगट धरले. "हात नोका लावू!"

"अवं, नवीन वस्तू हाय."

"कुंकू लावलं का चाक झालं. मंग मी बसू कुठी?"

उरकुडा वाकलेल्या अवस्थेत थांबला. ओसरीबाहेर त्याच्या जातीतली पाच-सहा माणसे उभी होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. "बाई बराबर बोलते. पूजा झाली का देव बसला."

"पण नारळाशिवाय फोटो कसा घ्यायचा?" साहेब म्हणाले. "अहो, सगळीकडे पूजन होतं. साधी हळद तरी लावा."

"हयद बी नाई," कौसाबाई म्हणाली. "साहेब, तुमी सायकलले कुंकू लावा, टीव्हीले लावा, याले नोका लावू. पाया पडतो तुमच्या."

उरकुडा सरळ उभा राहिला. बोटाला लागलेले कुंकू त्याने आपल्याच कपाळाला लावले आणि नारळ उचलून उंबऱ्यावर फोडला. साहेबांनी घाईघाईने फोटो काढला. त्यात नारळ आहे, उरकुडा आहे, मागे चाकाची कड दिसते. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यांचे पेन चालत नव्हते.

"काय लिहायचं? झालं की नाही झालं? 'नाही' लिहिलं तर यंत्र परत न्यावं लागेल."

मी तीस वर्षांत एकही नोंद खोटी केली नव्हती. तडकलेला एक पेलासुद्धा मी कधी वहीतून सोडला नाही. 'झाले' या शब्दाभोवती मी माझ्या पेनाने गोल काढला. साहेबांनी खाली सही केली, आणि कौसाबाईने पदर खोचून बटण दाबले.